कुंडीखालचा हिरवा

१२ फेब्रुवारी
माझा पुडिंगचा वाडगा गेला! नवरोबानं, क्लिफनं, त्यात रंग कालवला. वर म्हणतो, धुतला की जाईल. लष्करी ट्रकचा रंग धुऊन जात असता, तर युद्धात पाऊस आला की सगळे घरी पळाले असते.

गॅरेजमध्ये तो दुरुस्त करत बसलेल्या युद्धकाळच्या ट्रकचं बाकी सगळं झालंय. इंजिन चालतं, ताडपत्री चढली, चाकंसुद्धा गोल आहेत. राहिला फक्त रंग. तो झाला की ट्रक विकायचा, हे घर विकायचं आणि ब्रिस्टलला जिलजवळ जायचं, असं ठरलंय. या जिन्यानं माझे गुडघे खाल्ले. लेकीजवळ तळमजल्यावर घर मिळालं तर मी नाचेन — नाचता आलं तर!

१९ फेब्रुवारी
ज्याच्याशी नवा रंग जुळवायचा, तो मूळ रंग सापडला! पुढच्या दिव्यामागची लोखंडी पट्टी काढली, तिच्या मागच्या बाजूला. कारखान्यातून निघाल्यापासून तिथं कुणाचा ब्रश पोचलेला नाही म्हणे. जुन्या गाड्यांच्या क्लबातला मर्विन लगेच हजर. दोघं गुडघ्यांवर बसून पट्टी बघत होते. चर्चमध्ये क्लिफ इतका वाकत नाही.

२ मार्च
गॅरेजच्या दिव्यात रंग खोटा दिसतो आणि उन्हात चकाकतो, म्हणून दोघं अंगणात ढग यायची वाट बघत उभे. बारा महिने आभाळ भरलेल्या लिंकनशरमध्ये ढगाची वाट! शेवटी मला मत विचारलं. म्हटलं, कुस्करलेल्या वाटाण्यांसारखा दिसतोय. मर्विनला लागलं ते.

असो, जुळला एकदाचा. पट्टी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत जिरेनियमच्या कुंडीखाली अर्धी सरकवली. कुंडी कधीची डुगडुगत होती.

२१ एप्रिल
ट्रक रंगवून झाला. जाहिरातही दिली. क्लिफ जेवला नाही नीट. जेवण तर त्याच्या आवडीचंच केलं होतं.

३ मे
खिडकी पुसायला कुंडी उचलली — पट्टी दोन रंगांची! कुंडीखालचा भाग पिवळट, अगदी आपल्या ट्रकसारखा. उन्हातला भाग छान गडद हिरवा. कपाटात ठेवलेलं आईचं तैलचित्र असंच पिवळं पडलं होतं, भिंतीवर लावल्यावर पुन्हा उजळलं. म्हणजे दिव्यामागच्या अंधारात वर्षानुवर्षं बिघडलेला रंग या दोन पंडितांनी ढग मोजून मोजून जुळवला! हसताना कुंडी हातातून सुटणार होती.

सांगणार नाही. सांगितलं तर क्लिफ सगळा ट्रक पुन्हा खरवडेल आणि मी याच जिन्यावर म्हातारी होईन. झालेच आहे, पण आणखी.

९ मे
गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी येतंय. यॉर्कशरचा आहे. मूळ रंगापासून एक छटाही इकडची तिकडे झालेली चालत नाही म्हणाला फोनवर. मी कुंडी पट्टीवर नीट बसवली.

चहा द्यायला गेले तर क्लिफ ट्रकमध्ये बसलेला. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर.
"ब्रिस्टलला गॅरेज आहे का गं?"
"नाही. गाड्या रस्त्यावर लावतात."
"बरं," म्हणाला आणि स्टिअरिंग पुसायला लागला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर. फार वाईट वाटलं मला.

१६ मे
गिऱ्हाईकाला ट्रक आवडला. रंगाची तर तारीफच तारीफ. सौदा पक्का करायला त्यानं हात पुढे केला, क्लिफनंही केला — माझ्याकडे न बघता. मी आत गेले, कुंडी उचलली, पट्टी आणून बॉनेटवर ठेवली. दोन्ही हिरवे बघून गिऱ्हाईकानं हात मागे घेतला.

गिऱ्हाईक गेल्यावर क्लिफ बराच वेळ पट्टी उन्हात धरून उभा होता. म्हणाला, "सगळा खरवडावा लागेल, एनिड." इतका आनंदी आवाज ऐकला नव्हता कित्येक दिवसांत.

जिलला फोन करून सांगितलं, बाबांचा रंग चुकलाय, यंदा ब्रिस्टलला यायचं काही जमत नाही. मग पुडिंगचा नवा वाडगा गॅरेजमध्ये नेऊन ठेवला.