मॉर्निंगचं स्पेलिंग

३ जाने., शनि.
वसईच्या लोकांच्या इथल्या मंडळाचं संमेलन २४ला. यंदाची टूम: नव्वदच्या दशकातल्या परदेशी पॉप गायिका, आणि प्रत्येकीचं फक्त पहिलं गाणं, ज्याने ती माहीत झाली ते. ग्रुपवर यादी पडली आणि दहा मिनिटांत सगळी गाजलेली गाणी उचलली गेली. मी आम्हा बहिणींचं लहानपणचं लिहिलं. दोन आवाजांचं आहे. दुसरा आवाज कोण, असं समितीने विचारलं. लिहून मोकळी झाले: सेलिना. माझी थोरली बहीण. राहते अबुधाबीला, खलिफा सिटीत, मी शारजात, रोल्लाला. दोन वर्षं बोलत नाही आम्ही. तिला विचारलेलंही नाही. अक्कल गहाण ठेवली होती बहुतेक.

५ जाने., सोम.
गाण्यांची वही सापडली. आम्ही दोघी मराठी मीडियमच्या. ताई टेप थांबवून थांबवून शब्द पकडायची, मी देवनागरीत उतरवायची. एका गाण्याला दोन-दोन आठवडे. निम्मे शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, पण अक्षर सुरेख. कडव्याशेवटी दर वेळी 'मॉर्निंग'. रविवारी चर्चमधून, मिस्साहून आलो की स्वयंपाकघरात डबे बडवत म्हणायचो. आई बोंबील साफ करता करता हसायची. आम्हाला वाटायचं, सकाळचं गाणं.

९ जाने., शुक्र.
ऑफिस अर्धा दिवस. तरी दुबईहून घरी यायला दीड तास. रियाला म्हटलं, हे गाणं शोधून दे. तिने लावलं. मी म्हटलं, हे नव्हे, हे रडकं आहे. "मम्मा, धिस इज द ओन्ली व्हर्जन."
मग लक्षात आलं. आमचा टेप दुरुस्तीनंतर जोरात पळायचा. आईची भक्तिगीतंसुद्धा घाईत वाजायची. सवय झाली होती. मला वाटायचं ही गायिका सोळा वर्षांची असेल. चांगली मोठी बाई आहे.
रियाने शब्द काढून दाखवले. 'मॉर्निंग'मध्ये एक यू आहे. "नॉट सकाळ, मम्मा. इट्स लाइक, व्हेन समवन डाइज. हर मदर डाइड." सुतक, म्हटलं. तिला तो शब्द माहीत नाही.
देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितात. माझी चूक नाही.
म्हणजे आम्ही दर रविवारी आईच्या तोंडावर डबे बडवून तिचंच...
जाऊ दे.

१० जाने., शनि.
लिहूनच ठेवते. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा रात्रीचं तिकीट मिळत होतं. पोचेपर्यंत दफन होऊन गेलं असतं, म्हणून गेले नाही. दफन ऑफिसातून मोबाइलवर पाहिलं. रडले नाही; हेडसेट लावून पुढचं बुकिंग घेतलं. ताई सकाळीच निघाली होती, ती पोचली. नंतर फोनवर एवढंच म्हणाली, "तू आली नाहीस, बस." मी हिशेबाने बोलत राहिले, फ्लाइट इतक्याची, दफन इतक्याला. तिने फोन ठेवला. मला तिच्याशी बोलायचंय. गाणं हे निमित्त आहे, हे मला कळतं.

१४ जाने., बुध.
ताईला मेसेज केला. चार वेळा खोडून पाचव्यांदा. "२४ला गाण्यात तुझं नाव दिलंय, न विचारता. आणि तो मॉर्निंग सकाळचा नाही. रियाने दाखवलं." टिक्स निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं. उत्तर नाही.

१९ जाने., सोम.
तालमीला एकटीच. समितीची बाई म्हणाली, "सेलिनाचं कन्फर्म आहे ना? प्रोग्रॅम प्रिंटला जातोय, यल्ला, लवकर सांग." मी म्हटलं इन्शाल्ला. ती म्हणाली, "अगं, हां की ना?" हां म्हटलं. मग माझा भाग म्हणून पाहिला, आमच्या चालीत. पेटीवाला म्हणाला, मॅडम, थोडा स्लो. स्लो म्हटलं तर आवाज फाटला. खोकल्याचं निमित्त केलं.

२३ जाने., शुक्र.
दुपारी ऑफिसातून सुटले, पार्किंगमध्ये गाडीत बसले तर ताईचा फोन. हॅलो नाही की कशी आहेस नाही.
"मला माहीत होतं," म्हणाली.
कॉलेजात तिच्या वर्गातल्या मुलीकडे ओरिजिनल कॅसेट होती, आतल्या कागदावर शब्द छापलेले. तिथे वाचलं आणि घरी येऊन आईला अर्थ सांगितला.
मग मला का नाही सांगितलंस, विचारलं.
"आईच बोलली, तिला नको सांगू. मजेत म्हणतेय, म्हणू दे. मी आहे तोवर काय बिघडतं."
नंतरही दोन-तीन वर्षं आम्ही म्हणत होतो ते गाणं. आई सगळं कळून हसत होती.
मी रडले. एसी चालू, खिडक्या बंद, मोठ्याने. दोन वर्षांत पहिल्यांदा. यायला हवं होतं मी, असं म्हटलं, तिला कळलं की नाही माहीत नाही. ती फोन धरून होती. मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला, तो माझा नव्हता.
मग एकदम कामाचं बोलल्यासारखं, "उद्या कसं म्हणायचं? आपलं फास्ट, की त्या गायिकेचं स्लो?"
म्हटलं, तू ये, मग ठरवू.
येते म्हणाली नाही. म्हणाली, "ट्रॅफिक बघते."
शनिवारी तिकडून इकडे यायला फारसं ट्रॅफिक नसतं.