मागच्या दाराचे कुलूप

मोहोपाडा

चि. हरेश यास आशीर्वाद.

मी, शांताराम गोमा ठोंबरे, वय एक्याऐंशी, माजी पोलीस पाटील, लिहून कळवितो की, तुझ्या आईसाठी सुचविलेले येथील वृद्धांचे शुश्रूषागृह मी स्वतः पाहिले.

जेवण ऊन असते. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा नाहीत. मात्र मागच्या दाराला बाहेरून कुलूप आहे.

“आग लागली तर?” मी विचारले.

“चावी वॉचमनकडं हाय, आजोबा,” परिचारिका हर्षला म्हणाली.

“वॉचमन कोठे आहे?”

“जेवायला गेलाय.”

तुझ्या आईला उचलताना माझे हात कापतात, हे खरे. तरी कुलूप निघेपर्यंत तिला येथे आणू नये. मी येथे आलो असताना आज घरी तिने पेज घेतली का?

समक्ष हजर: परिचारिका हर्षला, तसेच येथे राहणाऱ्या धोंडूबाई. मी निघताना धोंडूबाईंनी माझा हात धरून म्हटले, “मला पन ने रं, दादा.”