पुढच्या पेशंटसाठी

ती. आईंना,
ललिताचा मुंबईहून नमस्कार.

यांचं हृदयाचं ऑपरेशन नीट झालं. आज थोडी पेज प्यायले. फक्त किडन्या दमल्यात, म्हणून डायलिसिस चालू आहे. घाबरू नका.

ऑपरेशनआधी डॉक्टरांच्या एका अभ्यासासाठी यांचं रक्त घेतलं होतं. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगातली सूज रक्तात तेव्हाच दिसत होती. अशांच्या किडनीला धोका जास्त असतो."

"मग तेव्हाच का नाय सांगितलं?"

"अभ्यासाचे हे रिपोर्ट आम्ही ऑपरेशननंतरच बघतो. पुढच्या पेशंटना उपयोग होईल."

पुढच्यांचं भलं होवो. माझा माणूस मशीनला जोडलाय.

तुमचा गुडघा कसा आहे? शेळ्यांना पाला कोण आणतं?

अभ्यासाला यांनी हसत सही दिली होती, कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. यांना मी अजून काही बोलले नाही.

तुमची सून,
ललिता