खिडकीवरचा पुठ्ठा

आण्णा, तुम्ही माझ्यावर एकदाच हात उगारलात, भोसरीच्या आपल्या खोलीबाहेरच्या नळावर. शेजारणीने विचारलं म्हणून मी सांगून टाकलं होतं, की आण्णांच्या थुंकीत रक्त येतं. तुम्ही मला ओढत आत नेलंत. "कुणाला सांगायचं न्हाई. खोली जाईल, काम बी जाईल." लातूरहून आलेल्या माणसाजवळ इथे दोनच गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही दुसऱ्याच्या हातात. तुमची भीती खरी होती, हे आता कळतं. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

आई तुमचं ताट-पेला वेगळं ठेवायची. पण खिडकीला पुठ्ठा ठोकलेला, कारण रात्रपाळीहून आलेल्या तुम्हाला आणि आपल्याकडेच राहणाऱ्या काकांना दिवसा अंधार हवा असायचा. त्या कोंदट हवेत आम्ही सगळे तुमच्याबरोबर श्वास घेत होतो. दवाखान्यात तपासणी दुपारपर्यंतच, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले. तुम्ही गेलात तेव्हा आईने गावी सांगितलं, छातीत पाणी झालं होतं.

आता मी आरोग्य केंद्राकडून चाकणच्या खोल्यांमध्ये थुंकी तपासायच्या डब्या वाटते. खिडक्यांना अजून पुठ्ठेच आहेत. आत कुणी बीडचं, कुणी बिहारचं. समोरच्या सोसायटीत कुणी खोकलं तर लॅबचा माणूस घरी येऊन नमुना नेतो. इथल्यांनी कामाचा खाडा करून रांगेत उभं राहायचं, आणि वर 'हे बाहेरचे लोक आजार आणतात' हेही ऐकून घ्यायचं. आण्णा, तुम्ही गावाहून एक वळकटी आणि धडधाकट शरीर आणलं होतं. आजार तुम्हाला इथेच मिळाला, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

आज नांदेडकडच्या एका बाईचा रिपोर्ट आला, टीबी निघाला. खोलीमालकीण नळावर सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "खोली खाली कर. आमची बी लेकरं हायती हितं." ती बिचारी मुकाट्याने भांडी गोळा करू लागली. मी दारात आडवी उभी राहिले.

"हिला काढलंत तर ही औषध अर्ध्यावर सोडेल आणि दुसरीकडे जाऊन लपवेल."

"तुला काय जातंय बोलायला?"

"माझे वडील टीबीनेच गेले. लपवून लपवून गेले."

मग मालकीण म्हणाली, "गोळ्या घेतल्यावर पसरत न्हाई, व्हय?"

"नेमाने घेतल्या तर काही आठवड्यांत थांबतं. पण खिडकी उघडी हवी."

"ऱ्हाऊ दे मग. पण पुठ्ठा मी न्हाई काढायची."

मीच काढला. शेजारच्या खोलीतला रात्रपाळीवाला त्या आवाजाने चिडून बाहेर आला, थोडा वेळ खोकत उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एक डबी मला पण द्या."

तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात. मी सांगितलं, आणि उद्याही सांगणार आहे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून एवढं लिहून टाकते: त्या आजाराचं नाव घेताना माझा आवाज तुमच्यासारखाच खाली गेला होता.