स्कूटरच्या कोळप्याचा दुसरा गिअर

आण्णा, तुमचं स्कूटरचं कोळपं मी परवा मिस्त्रीकडं नेलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय. तुम्ही असता तर समोर बसवून विचारलं असतं. तुम्ही उत्तर दिलं असतंच असं नाही म्हणा. प्रश्न आवडला नाही की पाना शोधायच्या निमित्तानं उठून जायची तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे.

बैल विकल्यावर देवळ्याच्या भंगारातून तुम्ही ती जुनी स्कूटर आणलीत. पुढचा भाग कापून काढला, इंजिनाचं चाक तेवढं ठेवलं, त्याच्यामागं लोखंडी दांडे वेल्ड करून कोळप्याची पास, तण कापायचं पातं, जोडली आणि हँडल उलटं फिरवून बसवलं. गाव हसलं. तुम्ही मात्र पोळ्याला त्या हँडलला शिंगांसारखा रंग दिलात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवलात आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाहीत. मी नाशिकरोडहून सणाला आले होते. म्हटलं, "आण्णा, यंत्राला कसली सुट्टी?" तर तुम्ही डाफरलात, "वर्षभर याच्याच मागं चालतो ना आपण? मग बैल कोण, हा का मी?" त्यानंतर दर पोळ्याला नवा रंग चढत गेला.

तुमचा शेवटचा हंगाम मला अजून दिसतो. मका गुडघ्याला लागलाय. तुम्ही पुढं कोळपं धरून, आई मागं. पास ओळींच्या मधलं गवत कापते, रोपाच्या बुडाशी राहिलेलं आई वाकून उपटते. तुम्ही मान वळवून ओरडता, "आगं, चाल की! तुझ्यापायी गाडी पहिल्या गिअरला बांधून टाकली, तरी मागंच हायेस!" ओळ संपली की तुम्ही खाली बसता, प्लग काढता, टॉवेलला पुसता, परत लावता. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. प्लग एवढा कसा खराब होतो, असं माझ्या मनात येतं आणि मी चहा ठेवायला निघून जाते. त्याच वर्षी दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवस थकलेलं असणार.

आईनं मात्र ते वाक्य पदरात बांधून ठेवलंय. बाजारात जा, दवाखान्यात जा, ती आपली "आले, आले" करत धापा टाकत मागून पळते. कुणी तिला घाई केलेली नसते. "माझ्या पायानं त्यांचं काम तुंबलं, त्या काळजीनंच गेले ते," हे तिनं मला इतक्यांदा ऐकवलंय की मी समजूत घालायचंही सोडून दिलं होतं. यंदा निंदायला बाया मिळेनात, म्हणून मी कोळपं बाहेर काढलं. दुसरा गिअर पडेना. मिस्त्रीनं इंजिन उघडून पाहिलं, मग हँडल; तर गिअर फिरवायच्या मुठीखाली, रंगात दडलेला, गिअर अडवायला एक खिळा वेल्ड केलेला. तो खरवडून म्हणाला, "ताई, हे मागाहून केल्यालं हाय. वेल्डिंगखाली रंगाचे लय थर हायेत, वरून एकच हात. आन् गिअरचे दात तर ठणठणीत हायेत. कशापायी बांधला आसंल?"

तुमच्यानंतर त्याला रंग कुणी दिलेलाच नाही. म्हणजे तो वरचा हात तुमच्या शेवटच्या पोळ्याचा. त्याआधी इतकी वर्षं आई दुसऱ्या गिअरलाही पुरी पडत होती. मग त्याच वर्षी ती हळू कशी झाली? की दम तुम्हाला लागत होता, प्लग पुसणं नुसतं बसायचं निमित्त होतं, आणि ओरडा तिनं खाल्ला? तुम्हाला दुखणं कळलं होतं का? का खरंच तिचे गुडघे तुम्हाला दिसले होते, जे मला दिसले नाहीत? कधी वाटतं, केवढी ही माया. कधी वाटतं, केवढा हा लबाडपणा. आईला खरं सांगावं, तर एक ओझं उतरून दुसरं बसेल. ती तुमच्या चार पावलं मागं होती, तरी तिला कळलं नाही, हे ती कसं सोसेल? इकडे आड, तिकडे विहीर.

घरी आले तर आई दारातच. "काय म्हणला मिस्त्री?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गिअरचे दात झिजले होते, आई. म्हणून आण्णांनी पहिल्यावर बांधला होता."

ती चुलीपुढं बसून पीठ मळायला लागली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्यापायी नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग माझं नाव कशाला घेत व्हते? दात झिजले म्हनायला काय लाज वाटत व्हती?" आणि तुम्हाला एक अस्सल शिवी हासडून ती भाकरी थापायला लागली. तुम्ही गेल्यापासून तुमच्यावर चिडताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

आज सकाळी आम्ही मळ्यात गेलो. ती मागं राहिली. मी वळून पाहिलं, तर कमरेवर हात ठेवून बांधावरची तूर न्याहाळत उभी होती. "आले, आले" म्हणाली नाही. मीच थांबले.

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. आई सुटली, पण तिच्याशी खोटं बोलताना माझा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा निघाला, आण्णा, आणि मला ते आवडलं.