गुडमारचा पाला आणि दोन चमचे

पिंप्राळा, जळगाव

तीर्थरूप जीवरामभाऊंना धाकट्या बहिणीचा, भिकूचा वाकून नमस्कार.

मंगळवारी साक्रीच्या एसटीतून पोहोचलं ते असं : गुडमारचा पाला, गाठोडं एक, कुंदावहिनींच्या घरच्या हळदीची पुडी एक, सुतळी चार हात (गुंडाळून ठेवली आहे). पार्सलचे साठ, रिक्षाचे चाळीस. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या शिवारात मोबाईल लागत नाही म्हणून पत्र.

भाऊ, तुमच्या पाल्यानं कॉलेज हादरवलं! तुमची भाची भूमिका एम.एस्सी.साठी सात वनस्पतींचे अर्क तपासतेय. भात-भाकरीची पोटात साखर करणारं एक एन्झाइम असतं म्हणे. अर्कानं त्याचा हात धरला, की मधुमेहवाल्यांचं भलं. दुसरी परीक्षा जांभळ्या पाण्याची. अर्क टाकल्यावर ते जितकं पिवळं पडेल, तितका तो शरीराची झीज रोखणारा. बाकी सहांनी पाणी कसंबसं फिकं केलं. तुमचा गुडमार पडायचा अवकाश, पिवळंजर्द! तिच्या अभिमनसरांनी चष्मा दोनदा पुसला. आता पंचवीस तारखेला धुळ्याच्या परिषदेत ती हाच निकाल सांगणार, आणि तिथे पसंत पडला तर पीएच.डी.ची जागा. मी गणपतीला एकवीस मोदक बोलले आहे (लहान आकाराचे).

घरीही परीक्षा झाली. ह्यांना प्रसाद म्हणून एक पान चावायला दिलं, वर चहा दिला. गुडमार चावला की जिभेला गोड कळतच नाही, हे मला कुठे ठाऊक! हे कडाडले, "चहामा साखर शे का नही? आते साखर बी मोजीसन टाकस का?" मी आणखी तीन चमचे घातले, तरी तेच. शेवटी शेजारच्या सकीनाभाभींना चाखायला लावला. त्या म्हणाल्या, "भाईसाब, ये चाय नहीं, पाक है." (ते तीन चमचे हिशोबाच्या वहीत 'औषधोपचार' खाली लिहिले.)

वहिनींना नमस्कार.

तुमची
भिकू

ता.क. – आज महिन्याचा हिशोब जुळवताना हळद दोन चमचे कमी भरली. मग आठवलं. पाला आला त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं (औषध घरात आलं तर पूजा नको?) आणि हवा दमट, कीड लागू नये म्हणून डाळीला चोळतो तशी वहिनींची हळद चोळली. भूमिकानं पाला तसाच वाटला. तिला सहज विचारलं, हळदीनं ते पाणी पिवळं होतं का ग? म्हणाली, "आई, हळद तर पहिला नंबर काढेल. का ग?" मी म्हटलं, काही नाही, भाजीत जास्त पडली. (वरचं पत्र फाडलं नाही. कागद चांगला आहे.)

दुसरा ता.क. – देव बघतोय. खोट्या निकालावर पोर धुळ्याला कशी उभी राहील? आत्ताच तिला सगळं सांगितलं. तिनं लगेच फोन करून सरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, वीस तारखेच्या आत पाला आला तर पुन्हा करू. तेव्हा भाऊ, त्याच वेलाचा पाला लगेच पाठवा. पूजा करायची तर वेलाची करा, तीही लांबून.

तिसरा ता.क. – हळद चोळायची सवय मला लावली ती कुंदावहिनींनीच. पहिलं गाठोडं बांधताना त्यांनी काही चोळलं होतं का, तेवढं खरं-खरं उलट टपाली कळवा.