हाताच्या उंचीवर

३ मार्च

गंज तोंडात जातो! दात घासले, चूळ भरली, पुन्हा घासले — जिभेवर ती रक्तासारखी चव आहेच. नाक शिंकरलं तर रुमाल विटकरी. वहिनीने माझ्या उशीचा अभ्रा न बोलता बदलला. तिचं न बोलणं मला चांगलं ऐकू येतं.

घरामागच्या ट्रकवरची ताडपत्री काल ओढली. आतून उंदीर पळाले. ड्रायव्हरच्या सीटमध्ये त्यांनी संसार मांडला होता — कापूस, लेंड्या, वाळून लाकूड झालेलं एक पिल्लू. तिथे बाबा बसायचे! कडेला जाऊन ओकले, परत आले आणि सीट उपटून फेकली.

दादाचं म्हणणं, बाबांना जाऊन वर्ष झालं, आता भंगारवाल्याला बोलवू. मी सांगितलं, बाबांचा ट्रक भंगारात जाणार नाही. बॉडी मी दुरुस्त करीन, रजा काढूनच आलेय. त्यावर म्हणाला, "पत्र्याच्या नादी लागू नकोस. काही उरलेलं नाही त्यात." त्याचं आयुष्यभर हेच. काम दिसलं की उरलेलं नसतं.

५ मार्च

हौद्याच्या तळाची चाळण झालीय. मागचा फाळका उघडायला गेले तर बिजागरीसकट हातात आला. पापुद्रे सोलावेत तर खाली अजून पापुद्रे, मध्ये गोगलगायी, मुंग्यांची अंडी. शी!

आई खुर्ची टाकून समोर बसते. मदत नाही, तक्रार नाही. अधूनमधून फक्त "हळू" म्हणते. कुणाला हळू, ट्रकला की मला?

६ मार्च

पाठ धरली. काही केलं नाही. उशीवर गंज.

८ मार्च

आज केबिन. आणि आज जे दिसलं त्याने गंजाची किळस परवडली म्हणायची वेळ आली.

सकाळी लवकर सुरुवात केली, ऊन यायच्या आत. पत्रा इतका गार की तळवा बधिर होतो. दारावरून हात फिरवत होते — गार, गार, आणि मध्येच गार नाही. कोमट, मऊसर, साबणाच्या वडीसारखं. पुढे पुन्हा गार. मग पुन्हा तसंच. लोहचुंबक आणून लावला, तर त्या जागी खाली पडला. ग्राइंडर फिरवला — पांढरी भुकटी! पुट्टी. खाली पत्राच नाही. चादरीचा तुकडा, डांबर, चेपून सपाट केलेला प्लास्टिकचा तेलाचा डबा, वर बोटभर पुट्टी.

धूळ पुसल्यावर रंग दिसले. ट्रक निळा. पुट्टीच्या या थापणी कुठे हिरव्या (आपलं फाटक!), कुठे पांढऱ्या (खिडक्यांचा उरलेला), एक तर न्हाणीघराच्या दाराची तपकिरी. घरात ज्या डब्यात जे उरलं ते फासलंय. भिकाऱ्याच्या गोधडीची कळा!

इथे राहतो दादा. ट्रक बघायचा तो दादा. दुसऱ्या कुणाचं काम असणार?

९ मार्च

आणखी थापणी. मोजायचं सोडून दिलं. गंमत म्हणजे सगळ्या एकाच पट्ट्यात आहेत — कमरेपासून छातीपर्यंत. त्याखाली चाकांशी मूठ जाईल एवढी भोकं, तिथे हात लावलेला नाही. वर टपाशीही नाही. फक्त मधला पट्टा. म्हणजे जिथे बाबांचा हात फिरायचा तिथे, आणि तेवढाच!

बाबांची नजर गेल्यावरही त्यांची फेरी सुटली नव्हती. सकाळचा चहा झाला की ट्रकभोवती एक चक्कर, तळवा पत्र्यावर ठेवून. मी फोन करायचे तेव्हा नुकतीच फेरी झालेली असायची. शेवटच्या काही वर्षांत मी आले ती थेट हॉस्पिटलात, आणि तिथूनच परत गेले. घरामागे डोकावले नाही. पण फोनवर ते दर वेळी सांगायचे, "अजून एक भोक नाही पत्र्याला. माझ्या हाताला कळलं असतं." शेजारी दादा बसलेला असायचा. तेव्हा तो हसत असेल का?

हेच बाबा आम्हाला सांगायचे, गंज झाकायचा नाही, कापून काढायचा. आणि त्यांच्याच हाताखाली पोटच्या पोराने —

१० मार्च

सगळं कापून काढतेय. एकही थापण ठेवणार नाही. ढलप्या पोत्यात भरताना हातमोजे घालते, उघड्या हाताने धरवत नाही.

वेल्डर नवा पत्रा घेऊन आला. कापलेली एक थापण उचलून त्याने अंगठा फिरवला. म्हणाला, कुणी घासलंय हो हे? एवढा पॉलिशपेपर मी गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीला मारत नाही. मी म्हटलं, चोर नेहमी सफाईदार असतो. तो हसला नाही.

१२ मार्च

केलं. व्हायचं होतं ते झालं.

रात्रीच्या जेवणात दादाच्या ताटाशेजारी पुट्टीचा ढलपा ठेवला. वहिनी म्हणाली, अगं, जेवताना काय. दादाने बघितलं आणि घास तसाच चावत राहिला. मी विचारलं, तुझंच ना? हो म्हणाला. इतकं सरळ! मग माझा तोल गेला. म्हटलं, "दिसत नव्हतं त्यांना, म्हणून हवा तो रंग फासलास. आंधळ्या बापाला फसवताना लाज नाही वाटली?"

दादा म्हणाला, "रंग त्यांच्यासाठी नव्हताच." आणि हात धुवून उठला. ताटात अर्धं जेवण.

आई म्हणाली, "झाकली मूठ होती. तुला उघडायची हौस." आईसुद्धा त्याच्याच बाजूने! दोघं सामील होते तर. या घराचीच किळस आली. मी माझं ताट मागच्या पायरीवर नेऊन जेवले — जेवले कसली, ढकललं पोटात.

१३ मार्च

दादा आधीच जेवून घेतो. मी पायरीवरच जेवते.

१५ मार्च

वहिनीने शेवटी तोंड उघडलं. कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघताच बोलली.

नजर गेल्यावर एका सकाळी फेरीत बाबांचं बोट दाराच्या भोकात गेलं. चांगलंच कापलं. त्याचं त्यांना काही नाही. भोक केवढं आहे ते मात्र चाचपत बसले. म्हणाले, "हाही गेला की माझ्यासारखा." दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत, जेवले नाहीत. फेरी बंद.

तिसऱ्या दिवशी दादाने ते भोक भरलं आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेला. गॅरेजवाल्याकडून नवा पत्रा बसवून घेतला, असं सांगितलं. बाबांनी हात फिरवला. उठले, फिरले, जेवले. तेव्हापासून दादाचं हेच काम. नवं भोक पडलं की ते दुपारी झोपल्यावर भरायचं, वाळलं की घासायचं. एकदा बोटाला खडबड लागली आणि त्यांनी विचारलं, म्हणून पुढे पेपर मारून मारून बोटांची सालं काढायचा. ट्रक खरा दुरुस्त करायचा तर महिनोन्‌महिने गॅरेजात राहणार. मग फेरी कशाभोवती मारायची?

"रंग फक्त पुट्टीत पाणी शिरू नये म्हणून," वहिनी म्हणाली आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.

चोर म्हणाले मी त्याला. वेल्डरसमोर! स्वतःच्या तोंडाचीच घाण वाटतेय, गंजापेक्षा जास्त.

१६ मार्च

दादाला म्हटलं, चुकले. तो म्हणाला, "सोड. ते गेले तेव्हा त्यांच्या लेखी ट्रक ठणठणीत होता. मला तेवढं पुरे." आणि मडगार्ड धरायला आला. दिवसभर धरून उभा होता.

पोतं अजून कोपऱ्यात पडलंय. मी कापलेलं सगळं त्यात आहे. उरलीय एकच थापण, ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीखालची. हिरवी.

१७ मार्च

सकाळी त्या हिरव्या थापणीवर उघडा तळवा ठेवून उभी होते. भोवती पत्रा बर्फासारखा, ती मात्र कोमट. मागून आई म्हणाली, "त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. गार लागत नाही म्हणाले. आणि मला बजावलं, त्याला बोलू नकोस. फार जीव लावून करतोय."

दादा आतून पेपर घेऊन आला. आईने सांगितलेलं मी त्याला कळू दिलं नाही. वेल्डरला सांगितलं, एवढी राहू दे.